सगळ्यात मोठा स्कॅन कुठला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे कोणी एक नाही हं, गेल्या आठवड्यात मी डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आत मला पार्किंगमध्ये गाठणारे आमच्या सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका, त्याआधी मावसभावाच्या लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या एक वहिनी, आणि हॉस्पिटलमध्ये तर रोजच कुणी ना कुणी. "मॅडम, ते छोटे छोटे नकोत, एकदाच काय तो मोठा स्कॅन करून टाका, म्हणजे सगळं कळेल. मोठा म्हणजे एमआरआयच ना?"

मी एक्सरे टेक्निशियन, पुण्यातच, एकवीस वर्षं झाली. सुरुवात केली तेव्हा फिल्म डार्करूममध्ये धुवायची आणि वाळत घालायची, मग सिटी स्कॅनवर गेले, मग एमआरआय, आणि आता सात वर्षं डीएसए रूममध्ये आहे, जिथे डॉक्टर पडद्यावर बघत बघत रक्तवाहिनीच्या आतलं काम करतात. तर लोकांच्या डोक्यात एक शिडी असते, खाली एक्सरे, मग सोनोग्राफी, मग सिटी, आणि पार वरच्या पायरीवर एमआरआय. बिलाची शिडी साधारण तशीच आहे त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे, पण शरीराला बिल कुठे माहीत असतं?

माझ्या आत्याचंच सांगते. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ, पाठीपर्यंत जायची. मुलाने हौसेने थेट पोटाचा सिटी करून आणला, रिपोर्ट नॉर्मल, आणि आत्याला घरच्यांनी सांगून टाकलं की ॲसिडिटी आहे, मिसळ बंद कर. दोन महिन्यांनी मी जबरदस्तीने उपाशीपोटी सोनोग्राफीला नेलं तर पित्ताशयात खडेच खडे. सिटी खोटं बोललं नव्हतं. पित्ताचे पुष्कळसे खडे कोलेस्टेरॉलचे असतात आणि एक्सरेच्या किरणांना ते आणि आजूबाजूचं पित्त जवळपास सारखंच दिसतं, मग फोटोत वेगळं काय उठून दिसणार! सोनोग्राफीत मात्र मशीनने सोडलेला आवाज खड्यावर आपटून परत येतो, खडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते, आणि पेशंटला कुशीवर वळवलं की खडा घरंगळतो तेही दिसतं. तेच फुफ्फुसाच्या आतलं काही बघायचं असेल तर सोनोग्राफी बिचारी हतबल, कारण हवा आली की आवाज पुढे जातच नाही, आणि तिथे साधा एक्सरे नाहीतर सिटी लागतो. म्हणजे आधी प्रश्न काय आहे ते ठरतं, मग मशीन.

एक्सरे म्हणजे सावलीच. १८९५ साली राँटगेनने बायकोच्या हाताचा फोटो काढला, हाडं आणि बोटातली अंगठी, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. सिटीत तीच सावली चारी बाजूंनी घेतात आणि कॉम्प्युटर त्यातून आतला काप जुळवतो, ब्रेडच्या स्लाइससारखा. पहिल्या पेशंटचा सिटी १९७१ मध्ये लंडनला झाला, आणि ते मशीन काढणारा हाउन्सफिल्ड हा ईएमआय कंपनीतला इंजिनिअर, म्हणजे आपल्याकडे ज्यांच्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा असायचा ना, त्या एचएमव्हीची मालक कंपनी. आमच्या आजोबांकडे ढीग होता त्या तबकड्यांचा, त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं.

एमआरआय हे एकदम वेगळं प्रकरण आहे, त्यात किरण-बिरण नाहीत, चुंबक आणि रेडिओ. नारायणगावच्या पुढे खोडदला दुर्बीण आहे बघा, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पुण्यातल्या बऱ्याच शाळांची सहल तिथे जाते. ती आकाशातल्या हायड्रोजनकडून येणारे रेडिओ सिग्नल ऐकते. एमआरआय पण हायड्रोजनच ऐकतो, फक्त आपल्या अंगातला, पाण्यातला आणि चरबीतला. दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनमध्ये तो हायड्रोजन साधारण ६४ मेगाहर्ट्झवर बोलतो, तुमच्या गाडीतलं एफएम ८८ पासून सुरू होतं, म्हणजे त्याच्या जरासं खालीच. म्हणून त्या खोलीला आतून तांब्याचं अस्तर असतं, बाहेरचा रेडिओ आत यायला नको. (आमच्याकडे एकदा दार नीट लागलं नव्हतं तर फोटोवर रेघोट्या आल्या होत्या, आम्ही अर्धा तास मशीनला शिव्या घालत होतो.) मेंदू, मणका, गुडघ्यातली गादी, लिगामेंट, जिथे मऊ मऊ गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढायच्या असतात तिथे याच्या तोडीचं काही नाही.

आणि ते चुंबक रात्री बंद करत नाहीत, लोकांना वाटतं टीव्हीसारखं बटण असेल. ते कायम चालू असतं. म्हणून आम्ही दारात इतके खडूस वागतो. आज्ज्यांच्या मंगळसूत्राला आणि बांगड्यांना किती सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात ते एमआरआयच्या दाराशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही, निरीतली वेगळी, पदराची वेगळी, अंबाड्यातले आकडे वेगळे. मंगळसूत्र काढायला नाही म्हणणाऱ्या आजींना मी सांगते, आजी, यजमानांच्याच हातात देऊ, ते बाहेर बसलेत, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर ऐकतात. जोडवी साबण लावून काढावी लागतात. पण हसण्यावारी नेऊ नका, २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलेंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेल्या एका तरुण नातेवाइकाचा जीव गेलाय.

आता मोठा स्कॅन कसा आड येतो ते बघा. एक कुटुंब संध्याकाळी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून कसंबसं पोचलं, बाबांचं तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं अडखळतंय. आम्ही सिटीच्या टेबलावर घेतलं तर मुलगा माझ्यावरच ओरडायला लागला, पैशाचा प्रश्न नाहीये, एमआरआय करा! त्याचं चूक नव्हतं, घाबरला होता. पण त्या क्षणी डॉक्टरांना एकच गोष्ट आधी हवी असते, डोक्यात रक्तस्राव झालाय की गुठळी अडकलीय, आणि ताजं रक्त साध्या सिटीत पांढरंशुभ्र दिसतं, टेबलावर झोपवल्यापासून दोन-चार मिनिटांत उत्तर. एमआरआयला त्याहून बराच वेळ लागतो, वर हलायचं नाही, पिना काढा, पेसमेकर आहे का विचारा. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिलं तर घातच. म्हणून आम्ही सारखं विचारतो, शेवटचे धडधाकट कधी दिसले होते? चहाच्या वेळी? मालिका लागली होती तेव्हा? ते घड्याळ मशीनच्या साइजपेक्षा महत्त्वाचं. मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी असेल तर मग पेशंट आमच्या खोलीत येतो, जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून ती गुठळी ओढून काढतात.

आमच्या खोलीत फोटो हा रिपोर्टसाठी नसतोच, तो डॉक्टरांचा डोळा असतो. पोट उघडलेलं नाही, काही दिसत नाही, हातात एक वायर आहे आणि ती आत कुठे पोचलीय ते फक्त पडद्यावर कळतं. डीएसए मधला एस म्हणजे वजाबाकी, अगदी शाळेतली. आधी डाय, म्हणजे फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध, न टाकता एक फोटो, मग डाय टाकून, आणि दुसऱ्यातून पहिला वजा. हाडं गेली, मांस गेलं, उरलं फक्त रक्तवाहिन्यांचं झाड, पानं गळलेल्या पिंपळासारखं. पेशंट मध्येच खोकला की वजाबाकी चुकते, म्हणून मी माइकवर ओरडत असते, श्वास रोखा, हलू नका, गिळू पण नका. डाय गेली की अंगात गरम गरम वाटतं, काहींना वाटतं आपल्याला लघवी झाली, झालेली नसते, हे आधी सांगितलं नाही तर माणूस बिचारा लाजून मरतो.

नातेवाईक बाहेर विचारतात, सर्जन कधी येणार? सर्जन नाहीत, रेडिओलॉजिस्ट करणार आहेत म्हटलं की चेहरे पडतात, कारण त्यांच्या मते रेडिओलॉजिस्ट म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून रिपोर्ट लिहिणारा. पण याची सुरुवातच मुळी एका रेडिओलॉजिस्टने केली. अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर म्हणून होते, १९६४ च्या जानेवारीत त्यांच्याकडे ८२ वर्षांच्या एक बाई आल्या, पाय काळा पडायला लागलेला, कापायला सांगितलेला, आणि बाई कापून घ्यायला तयार नाहीत. डॉटरने मांडीतल्या अरुंद झालेल्या धमनीतून आधी वायर आणि मग त्यावरून जाडजाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवल्या आणि वाट मोकळी केली. बाई पुढे स्वतःच्या पायांवर चालल्या. हृदयाची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७७ ला, झुरिचमध्ये.

आणि हे सगळं करायला दर वेळी आमची झगमगीत खोलीच लागते असंही नाही. माझ्या धाकट्या दिराला तीन वर्षांपूर्वी ताप यायला लागला, थंडी वाजून, उजवी बाजू दुखतेय, सगळे म्हणाले डेंग्यू असेल, पावसाळा होता. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये पू झालेला दिसला, मोसंब्याएवढा. सासूबाईंनी फोनवरच रडायला सुरुवात केली, पोट फाडणार! मी म्हटलं, आई, थांबा जरा. त्याच सोनोग्राफीच्या मशीनवर, ज्याला काका छोटं म्हणतात, डॉक्टरांनी बरगड्यांमधली जागा शोधली, भूल फक्त तेवढ्या कातडीला, मग सुई. पडद्यावर सुई एखाद्या चमकणाऱ्या रेघेसारखी आत जाताना दिसते, लिव्हर ओलांडून पुवात शिरते. सुईतून वायर, सुई काढली, वायरवरून भोक थोडं मोठं केलं, आणि त्यावरून पिगटेल. पिगटेल म्हणजे डुकराचं शेपूट, आत गेल्यावर नळीचं टोक तसंच गोल वळतं, एक दोरा ओढून ते वेटोळं पक्कं करतात म्हणजे निसटत नाही. १२ फ्रेंचची नळी होती. फ्रेंच हे आमचं माप, तीन फ्रेंचचा एक मिलिमीटर, म्हणजे चार मिलिमीटर जाडीची. पिशवीत चॉकलेटी रंगाचा पू यायला लागला, दीर मान वर करून तो बघत होता आणि म्हणाला, वहिनी, आता मी मस्तानी कधीच पिणार नाही. औषधं चालूच होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. मस्तानी तो अजून पितो.

सुई लावली की कॅन्सर पसरतो का, हाही नेहमीचा प्रश्न, बायोप्सीच्या आधी हमखास. तसं होणं फार फार दुर्मिळ आहे, आणि तुकडा तपासल्याशिवाय कुठलं औषध द्यायचं तेच कळत नाही, त्यामुळे त्या भीतीने महिने घालवणारे पेशंट बघितले की माझा जीव तुटतो.

आणि किरणांचं विचारता म्हणून. मिलिसिव्हर्ट हे त्यांचं माप, छातीच्या एक्सरेला ०.१ किंवा त्याहून कमी, पोटाच्या सिटीला साधारण ८ ते १०, आणि काही न करता नुसतं पृथ्वीवर राहून वर्षाला सरासरी २.४. म्हणजे गरज असेल तर सिटीला घाबरू नका आणि गरज नसेल तर हौस म्हणून करू नका. माझ्या ॲप्रनच्या आत टीएलडी बॅज असतो, अंगावर किती किरण पडले ते टिपणारा, तो तीन महिन्यांनी मोजायला जातो, आमची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०. शिश्याचा ॲप्रन घालून दिवसभर उभं राहिल्यावर माझी पाठ दुखते ती किरणांनी नाही, वजनाने.

हौस म्हणजे काय, तर ओळखीच्या एका गृहस्थांनी काही होत नसताना साठीचं गिफ्ट म्हणून फुल बॉडीचं पॅकेज घेतलं. किडनीवर साधी पाण्याची गाठ निघाली. या वयात सर्रास असते, काही करावं लागत नाही. पण रिपोर्टवर गाठ हा शब्द वाचला आणि पुढचे तीन महिने ते रोज सकाळी पर्वतीला जायचे ते बंद झाले, नंतर दोन डॉक्टर, पुन्हा स्कॅन, मुलगी बंगलोरहून येऊन गेली. गाठ होती तेवढीच आहे.

तर पार्किंगमधल्या काकांचा दुखत होता गुडघा. मी त्यांना म्हटलं, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, स्कॅन कुठला ते त्यांना ठरवू दे. काल भेटले, हातात पाकीट. डॉक्टरांनी गुडघा हलवून बघितला आणि दोन्ही गुडघ्यांचा उभं राहून एक्सरे काढायला सांगितला, कारण वजन पडल्यावर दोन हाडांमधली फट किती उरलीय ते कळतं, आणि झोपून काढलेल्या भारी फोटोत ते तसं दिसत नाही. फट बरीच कमी झालीय, व्यायाम लिहून दिलेत. काकांचा चेहरा मात्र तुळशीबागेत घासाघीस न करता वस्तू मिळाल्यासारखा.

"नुसता एक्सरे गं," म्हणाले. "आणि माझा इन्शुरन्स पाच लाखांचा आहे!"