आटे जुळले, पण जेट बसेना

आई-बाबांचं मेलबर्नचं तिकीट झालं तेव्हा बाबांनी हवा-पाणी काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "तिकडे संडासात जेट आहे का?" नव्हता. मग नाशिकच्या रविवार कारंजावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून जेट, पाइप, टी (तीन तोंडांचा जोड) आणि आट्यांवर गुंडाळायच्या टेफलॉन टेपची दोन रिळं घेऊनच ते विमानात बसले. विमानतळावर चिवडा जाहीर करावा लागला, जेटला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पाना घेऊन तयार. त्यांनी संडासाच्या टाकीला पाणी देणाऱ्या अँगल कॉकवर टी नुसती हाताने फिरवून पाहिली, बरोब्बर बसली. अर्धा इंची आटे इथेही तेच, ब्रिटिश मापाचे. "बघ, गोऱ्यांनी एक काम तरी धड केलं," म्हणाले. तेवढ्यात माझ्या नवऱ्याने घाबरून ते थांबवलं. व्हिक्टोरियात शॉवरचं तोंड किंवा नळाचा वॉशर घरच्या माणसाने बदलला तर चालतं. अख्खा नळ बदलायचा तर परवानाधारक प्लंबरच हवा.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इंदिरानगरच्या आमच्या घरातले सगळे बिब कॉक, म्हणजे भिंतीवरचे साधे नळ, त्यांनी स्वतः बसवलेत. तेही टेपच्या आधीच्या, आट्यांवर सुतळी-सफेदा लावायच्या जमान्यापासून. रविवारी पाणी बंद, आई चिडलेली, मी टॉर्च धरून उभी, आणि बाबा म्हणणार, "अजून अर्धा फेरा." त्या माणसाला स्वतःच्या लेकीच्या घरात पाना खाली ठेवायला सांगायचं! मला तर हा नियम म्हणजे प्लंबर लोकांच्या पोटापाण्याची सोय वाटला. अजूनही थोडा वाटतो.

शेवटी प्लंबर आला. बुटांवर पिशव्या चढवून, हे मात्र मानलं. जेट हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, यावर वॉटरमार्कचा, म्हणजे इथल्या नळसामानाच्या मान्यतेचा, शिक्का नाही, मी बसवू शकत नाही. शिवाय इथे घरातल्या नळाला 500 किलोपास्कलपर्यंत दाब असू शकतो. आपल्याकडे टाकी नळाच्या तीन-चार मीटर वर, म्हणजे जेमतेम तीस-चाळीस. रविवार कारंजाची पाइप रात्री फुटली असती तर खालच्या मजल्यावर गोदामाईचा पूर.

त्याची खरी हरकत वेगळीच होती. जेटचं तोंड भांड्यात लोंबलं आणि त्याच वेळी रस्त्यावरच्या लाइनचा दाब पडला, तर भांड्यातलं पाणी उलटं ओढलं जाऊन पिण्याच्या नळात येऊ शकतं. म्हणून जेटच्या आधी उलटा प्रवाह अडवणारी सोय हवी, नाहीतर मध्ये एक वेगळी छोटी टाकी.

टाकी म्हटल्यावर मी फणकाऱ्याने म्हणाले, आमच्या नाशिकमध्ये घरोघरी गच्चीवर असते! पालिकेचं पाणी वरून टाकीत पडतं, मध्ये हवा, तिथून जेटला. उलटं जायचा प्रश्नच नाही. त्याने कौतुकाने मान हलवली. बाबांना भाषांतर करून सांगितलं, तर ते दिवसभर खूश.

अंगणातल्या थेट नळाचं मी त्याला सांगितलं नाही. गंगापूर धरणाचं पाणी सकाळी यायचं तेव्हा आमच्या गल्लीत निम्म्या घरांच्या मोटरी थेट लाइनवर लागायच्या, आमचीही. एका घराची मोटर ओढते तेव्हा शेजारच्या नळातून नुसता सूं आवाज येतो. ती हवा नळातून आत कुठे ओढली जाते, हे मी बत्तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट परक्या माणसाला सांगायलाच हवी असं थोडंच आहे?

इथला शिक्का असलेला जेट, ती अडवणारी सोय आणि मजुरी मिळून जे बिल आलं त्याचा रुपयांत गुणाकार मी बाबांसमोर केला नाही. त्यांनी केला. नाशिकचा जेट परत त्यांच्याच बॅगेत गेला.

काल व्हिडिओ कॉलवर आई अंगणात फिरत होती. मागे मोटरीची घरघर, आणि नळाची हिरवी पाइप ड्रमच्या पार तळाशी बुडालेली.

"आई, ते पाइपचं टोक पाण्याच्या वर काढ ना."

"का गं? वर काढली की सगळं बाहेर उडतं," असं म्हणत तिने ती आणखी हातभर आत ढकलली.