पाण्याचं काम

होडी डोक्यावर घेऊन जंगलातून चालताना पुढचं फारसं दिसत नाही. आपली पावलं दिसतात, वाटेवर पसरलेली मुळं दिसतात आणि पुढच्या माणसाच्या चिखलाने माखलेल्या टाचा. ही होडी, म्हणजे कनू, उलटी करून खांद्यांवर घ्यायची असते. तिच्या मधोमध मानेच्या मापाने कोरलेलं एक आडवं लाकूड असतं, ते दोन्ही खांद्यांवर टेकतं. इथे त्याला ‘योक’ म्हणतात, म्हणजे आपलं जूच. केव्हलार नावाच्या हलक्या, चिवट धाग्याची होडी वीस किलोच्या आसपास भरते. पहिल्या शंभर पावलांत ती हलकी वाटते. सातशे मीटर संपता संपता तेच वीस किलो मानेतून कमरेत उतरलेले असतात. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात होडी वाहून न्यायच्या या वाटेला पोर्टाज म्हणतात. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक पिवळी पाटी असते आणि तिच्यावर अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं.

गेल्या ऑगस्टमध्ये मी पाच दिवस कॅनडातल्या अल्गॉन्क्विनच्या जंगलात होतो. सात पुरुष, आठवा मार्गदर्शक, चार होड्या. सकाळी ध्यान, संध्याकाळी ध्यान, मधल्या वेळात वल्ही. दुपारच्या जेवणापर्यंत मौन. फोन गाडीतच ठेवून निघायचं.

मी गेलो तो डेपोतल्या सोबत्यामुळे. आम्ही दोघं इथे कॅनडातच बस दुरुस्तीचं काम करतो, एकाच पाळीत. माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचा फोटो लावलेला आहे. हे कोण, असं त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी विचारलं होतं आणि मी जमेल तसं सांगितलं होतं. त्यातलं मी बौद्ध आहे एवढं त्याच्या लक्षात राहिलं. तो दर उन्हाळ्यात या शिबिराला जातो. या वेळी म्हणाला, तू बौद्ध आहेस ना, मग चल की.

मी लगेच हो म्हटलं नाही. माझा धम्म वरळीच्या बीडीडी चाळीतला आहे. चौदा एप्रिलची मिरवणूक, सहा डिसेंबरला चैत्यभूमीची रांग, शेकडो लोकांनी एका आवाजात म्हटलेलं त्रिसरण-पंचशील. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू झाला की विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन. माझे आजोबा बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत होते. ७ डिसेंबर १९५६ला दादरच्या चौपाटीवर, चितेसमोर, हजारो माणसांनी दीक्षा घेतली, त्यांत ते एक. त्या दिवशी किती माणसं होती हे ते आम्हाला हात पसरून दाखवायचे. आमच्यासाठी धम्म म्हणजे माणसं आणि आवाज. चाळीस मिनिटं डोळे मिटून एकटं बसणं आमच्या घरात कुणी केलेलं नव्हतं. गिरणीतून पाळी करून आलेला माणूस डोळे मिटतो तो झोपायला.

शिवाय पैशांचं होतं. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिराला फी नसते, सगळं दानावर चालतं. इथे बऱ्यापैकी रक्कम मोजावी लागत होती. आणि बायकोने विचारलं, “फक्त पुरुषांचंच का? महाडच्या सत्याग्रहाला तर बाया पण होत्या.” तिचं बरोबर होतं. पुढे मार्गदर्शकाला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, बायका असल्या की पुरुष मनातलं बोलायचं काम त्यांच्यावर सोडून देतात. पाच दिवसांनंतर मला त्याचं म्हणणं पटलं, पण पूर्ण नाही. बायकोलाही असे पाच दिवस मिळायला हवेत, हे मी घरी येऊन तिला सांगितलं आणि तिची तारीख ठरवूनच टाकली.

शेवटी गेलो, कारण मला कान्हेरी आठवली. शाळेची सहल जायची तेव्हा गुरुजी दाखवायचे: हे भिक्खूंचे दगडी ओटे, ही पाण्याची पोढी. भर जंगलात शंभरावर लेणी, आणि जवळपास प्रत्येकीपाशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. अरण्यात जावं, झाडाखाली किंवा रिकाम्या जागी मांडी घालून बसावं, हे बुद्धाने भिक्खूंना सांगितलेलं. म्हणजे ही गोष्ट आमच्याकडचीच होती. मीच तिच्याकडे कधी गेलो नव्हतो.

अल्गॉन्क्विन टोरांटोच्या उत्तरेला आहे, गाडीने साडेतीन तासांवर. उद्यानाची स्थापना १८९३ची, विस्तार साडेसात हजार चौरस किलोमीटरांच्या वर. आख्ख्या रायगड जिल्ह्याहून थोडं मोठं. आत हजारो तळी आणि त्यांना जोडणारे दोन हजार किलोमीटरांचे होडीमार्ग. एकोणिसाव्या शतकात इथले उंच पांढरे पाइन तोडून, नदीतून वाहवत नेऊन ब्रिटनला पाठवले जायचे. नाव अल्गॉन्क्विन लोकांचं. त्यांनी करार करून ही जमीन कधीच कुणाला दिली नव्हती. बर्चच्या सालीची, स्प्रूसच्या मुळांनी शिवलेली, डिंकाने सांधे बुजवलेली होडी ही मूळ या भागातल्या आदिवासींची विद्या. मार्गदर्शकाने पहिल्याच दिवशी पाण्यात उतरण्याआधी हे सांगितलं. ते ऐकून मला बरं वाटलं. ज्यांचं आहे त्यांचं नाव आधी घ्यावं.

नियम कडक आहेत. एका मुक्कामाच्या जागेवर नऊच्या वर माणसं नाहीत. काचेच्या बाटल्या आणि डबाबंद अन्न न्यायला बंदी. रात्री सगळं खाणं पिशवीत भरून दोराने झाडाला उंच टांगायचं, कारण काळी अस्वलं आहेत.

ध्यान पहिले दोन दिवस मला अजिबात जमलं नाही. पहाटे ग्रॅनाइटच्या उतरत्या खडकावर बसायचं, समोर तळ्यावर धुकं. श्वास आत, श्वास बाहेर. तिसऱ्या श्वासाला मला डेपोतला ब्रेक पॅड आठवायचा, मग घराचा हप्ता, मग आईचा गुडघा. आमच्यात एक मूळचा व्हिएतनामचा होता, त्याचीही तीच गत. जन्माने बौद्ध आम्ही दोघंच, आणि ध्यानाला नवखेही आम्ही दोघंच. बाकीचे निश्चल बसलेले. त्याने मला हळूच सांगितलं की त्याची आजी पॅगोडात जायची ती उदबत्ती लावायला आणि बायकांशी बोलायला. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसलो. त्यानंतर मला बसणं सोपं गेलं.

खरं ध्यान मला होडीत कळलं. मागे बसणारा दिशा सांभाळतो, पुढचा फक्त वल्हवतो. मी पुढे होतो. वल्हं पाण्यात जाताना श्वास बाहेर, वर येताना आत. वल्ह्याच्या टोकावरून थेंब ओळीने तळ्यावर पडतात, प्रत्येकाचं एक वर्तुळ होतं, आणि होडी त्या वर्तुळांना मागे टाकून जाते. पाऊण तास मी तेवढंच पाहत होतो. ब्रेक पॅड आला आणि गेला. रात्री लून ओरडतो. इथल्या एका डॉलरच्या नाण्यावर १९८७पासून हाच पक्षी आहे, रोज खिशात असतो, पण त्याची ती लांब हाक मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकली. तंबूत उठून बसलो. पलीकडच्या तळ्यावरून दुसऱ्याने उत्तर दिलं.

संध्याकाळी शेकोटीभोवती गोल करून बसायचं. एक दगड हातोहात फिरतो, ज्याच्या हातात दगड तो बोलणार, बाकीच्यांनी मध्ये काही म्हणायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. सत्तरीचा एक गृहस्थ होता, चाळीस वर्षं ट्रक चालवलेला. पहिल्या दिवशी त्याने दगड तसाच पुढे दिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, बायको जाऊन दोन वर्षं झाली, घरात मी अजून तिच्याच बाजूचा दिवा लावतो. एवढंच, आणि दगड पुढे दिला. ते बोलणं ज्याचं त्याचं आहे, म्हणून बाकीच्यांचं इथे लिहीत नाही.

तिसऱ्याच संध्याकाळी मार्गदर्शकाने तराफ्याचा दृष्टान्त सांगितला. मज्झिम निकाय या पाली ग्रंथात आहे. वाटेत मोठा जलाशय आडवा येतो, माणूस गवत आणि फांद्या बांधून तराफा करतो, हातापायांनी वल्हवत पलीकडे पोचतो. आता याचे माझ्यावर उपकार आहेत म्हणून त्याने तो तराफा डोक्यावर घेऊन पुढे चालावं का? बुद्ध म्हणतात, नाही. धम्मही तराफ्यासारखा आहे, पार जायला आहे, धरून ठेवायला नाही. सगळे आपापल्या खांद्यांवरचे वळ चोळत ऐकत होते, कारण आम्ही दिवसभर नेमकं तेच केलं होतं, होड्या डोक्यावर घेऊन चाललो होतो. मार्गदर्शक म्हणाला, आपण वाहतो कारण पुढे अजून तळं आहे.

मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. पुढे तळं आहे, हे शब्द माझ्या मनातून जाईनात. तराफा सोडायची गोष्ट पलीकडे पोचलेल्यांसाठी आहे. गावी अजूनही वरातीच्या घोड्यावरून आमच्या पोरांना उतरवतात. आम्ही मध्यावर आहोत. बाबासाहेबांनी तराफा बांधून दिला तो सात कोटी लोकांनी एकत्र वल्हवायचा म्हणून, आणि सोडायची वेळ अजून लांब आहे. हे मला दुसऱ्या दिवशी बोलायचं होतं. पण झालं वेगळंच.

शिबिरात प्रत्येकाला एकेक काम असतं. कुणी लाकडं आणतं, कुणी भांडी घासतं. माझ्याकडे पाण्याचं काम आलं होतं. तळ्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, झाडपाल्यामुळे. दिसायला स्वच्छ, पण बीव्हरसारख्या प्राण्यांमुळे त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. म्हणून होडी घेऊन जरा आत, खोल पाण्यावर जायचं, रबरी पिशवी भरायची, परत येऊन ती पाइनच्या फांदीला टांगायची. तिच्या नळीत गाळणी असते. वरचं पाणी आपल्या वजनाने गाळणीतून खालच्या पिशवीत उतरतं. मग मी एकेकाची बाटली धरून भरायची. दिवसातून तीन वेळा, आठ माणसांची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी असाच बाटल्या भरत होतो. ट्रकवाला बाटली पुढे करून उभा होता. त्याने सहज विचारलं, हे पाणी आता शुद्ध आहे ना? मी हो म्हणालो, आणि माझा हात तिथेच थांबला. बाटली भरून वाहायला लागली.

शेकोटीपाशी दगड माझ्याकडे आला तेव्हा मी तराफ्याचं काहीच बोललो नाही. मी महाडचं सांगितलं. आजोबांचं गाव महाडच्या पलीकडे, आमच्या वाडीचा पाणवठा वेगळा. चवदार तळं सगळ्यांना खुलं करायचा ठराव नगरपालिकेने केलेला होता, पण आमच्या माणसांना तिथे जाऊ देत नव्हते. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना झोडपलं. आणि मग तळं ‘शुद्ध’ केलं, शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून. जनावरं त्या तळ्यावर पाणी प्यायची, त्याने ते बाटत नव्हतं. कोर्टाचा निकाल आमच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

मी म्हटलं, चार दिवस तुम्ही सगळे माझ्या हातचं पाणी पिताय. शुद्ध करायचं काम माझ्याकडे आहे. माझ्या पणजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

नियमाप्रमाणे कुणी काही बोललं नाही. लाकडं तडतडत होती. व्हिएतनामी मित्राने माझ्या हातातला दगड घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. मला वाटतं, त्या पाच दिवसांतलं माझं खरं बसणं तेच. डोळे उघडे होते, समोर सात माणसं होती आणि मन कुठेही गेलं नाही.

पहाटे मी पिशवी घेऊन होडीकडे गेलो तर ट्रकवाला आधीच मागच्या जागेवर बसलेला. मौनाची वेळ होती. त्याने होडी धुक्यात मध्यापर्यंत नेली, स्थिर धरली. मी वाकून पिशवी भरली. परतताना त्याने वल्हं आडवं ठेवलं, गाळायचं वगैरे बाजूला ठेवून हात पाण्यात घातला आणि ओंजळभर पाणी प्यायला. मीही प्यायलो. गार होतं, किंचित मातीचा वास.

किनाऱ्याला लागताना तो मौन मोडून हळूच म्हणाला, त्या तळ्याचं नाव काय सांगितलंस? मी सांगितलं. त्याने दोनदा म्हणून पाहिलं, ‘च’ त्याला जमेना. अर्थ विचारला. मी म्हटलं, गोड चवीचं.

२०२७च्या मार्चमध्ये त्या ओंजळीला शंभर वर्षं होतात. मी रजा आत्ताच मांडून ठेवली आहे. डेपोतल्या सोबत्यानेही मांडली आहे. परवा डबा खाताना त्याने विचारलं, मार्चमध्ये महाडला ऊन किती असतं. मी म्हटलं, भरपूर असतं, डोक्याला टोपी लागेल, आणि त्या दिवशी चालायला खूप माणसं असतील.