काठीची राजवाडी होळी: रात्र जागायची असेल तरच जा

संध्याकाळी होळी पेटवून पुरणपोळीवर ताव मारणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो: नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावची ही आदिवासी होळी पहाटे पेटते. रात्री नऊ-दहाला येऊन, फोटो काढून बाराच्या सुमारास परतणारे बरेच दिसले. एवढ्या लांब येऊन होळी न बघता जायचं म्हणजे कमालच!

रेल्वेने नंदुरबार, पुढे तळोदा, अक्कलकुवा आणि देवगोई घाट चढून मोलगीच्या बाजूला काठी. घाट उजेडीच चढा. मुक्कामाची सोय तळोदा किंवा अक्कलकुव्याला बघा. हाताशी दिवस असतील तर होळीआधी भरणारा आदिवासींचा भोंगऱ्या बाजारही गाठा.

ही परंपरा १२४६ पासूनची सांगतात. होळीचा दांडा म्हणजे सत्तरेक फुटी बांबू, तो गुजरातच्या जंगलातून आणतात. त्यासाठीच्या खड्ड्याला कुदळ-फावडं लागत नाही, माती हातांनी उकरतात. हे बघायला लवकर पोचा. नंतर गर्दी इतकी होते की दांड्याजवळ जाणं अवघड.

रात्र चढते तसे गावोगावचे गेर, म्हणजे नाचणाऱ्यांचे जथे, नाचत येतात. ढोल आणि बासऱ्या थांबत नाहीत. बुध्या, म्हणजे नवसाचं सोंग घेतलेला नाच्या, शेजारून गेला की आधी कमरेचा खुळखुळाट कानावर येतो: वाळलेले भोपळे, घुंगरं. अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. एकाच्या पाठीवरचे ठिपके घामाने ओघळून रेघा झाल्या होत्या, पण पाय तालातच.

हे सोंग हौसेचं नाही, नवसाचं आहे. नवस करणारे काही दिवस पाळणूक करतात: खाटेवर झोपत नाहीत, खुर्चीवर बसत नाहीत, अंघोळही करत नाहीत. अशा माणसाला दंडाला धरून ‘दादा, एक सेल्फी’ म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग आला. फोटो विचारून काढा, फ्लॅश तोंडावर मारू नका आणि रिंगणात घुसू नका. बायकांचे फोटो तर विचारल्याशिवाय नकोच.

पाणी, विजेरी, सुटे पैसे आणि पहाटेसाठी स्वेटर जवळ असू द्या. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते उजेडातच ठरवा. गाडी लांब लावावी लागते, तेव्हा पायात चपलांपेक्षा बूट बरे. आणि रात्र सगळ्यांनी जागवली तरी गाडी चालवणाऱ्याला दुपारीच झोपून घ्यायला लावा. होळी पेटल्यावर परतीला तोच घाट उतरायचा असतो.