जिन्यावरचा तास

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर उभे राहिले ते एकटे गणिताचे सर. बाकीच्या शिक्षकांनी माफ करावं.

दहावीत ‘रेषेचा चढ’ सुरू झाला त्या दिवशी सरांनी फळ्यावर एवढंच लिहिलं: उभा फरक भागिले आडवं अंतर. खडू खिशात टाकला आणि सगळ्या वर्गाला बाहेर काढलं. सायकली चढवायचा उतार वाटेतच होता, तो ओलांडून सर थेट जिन्यापाशी थांबले. मोजायचं काम माझ्याकडे. मी ऐटीत मीटरपट्टी एका पायरीच्या कडेपासून वरच्या पायरीच्या कडेपर्यंत तिरकी लावली. साडेतेहतीस सेंटीमीटर. पायरीची उंची १५. भागाकार आला सुमारे ०.४५.

सरांनी दोऱ्याला खडू बांधला, वरच्या कडेवरून ओळंब्यासारखा सोडला आणि म्हणाले, “आता या दोऱ्यापासून खालच्या कडेपर्यंत आडवी पट्टी धर.” भरले ३०. म्हणजे चढ ०.५, पन्नास टक्के. “कर्णाने भागत होतास की रे!” एवढंच बोलले, पण मी कानापर्यंत लाल.

मागून कोणीतरी विचारलं, मग शंभर टक्के म्हणजे भिंत का? नाही. जेवढं आडवं तेवढंच वर, म्हणजे ४५ अंश. भिंतीला आडवं अंतरच नाही, शून्याने भागणार कसं? तिचा चढ सांगताच येत नाही.

आज मी बांधकामावर देखरेख करतो. न्हाणीघराच्या फरशीला ढाळ आहे की नाही, हे बादलीभर पाणी ओतून बघतो; पाणी खोटं बोलत नाही. मागे एका इमारतीच्या दाराशी व्हीलचेअरसाठी उतार करायचा होता. जोतं ४५ सेंटीमीटर, ठेकेदाराने आडवी जागा धरली ३ मीटर. म्हणाला, दिसायला सौम्यच आहे. १५ टक्के चढ दिसायला सौम्यच असतो, हातांनी चाकं ढकलणाऱ्याला विचारा! अशा उताराला साधारण १ः१२ धरतात, म्हणजे आडवं ५.४ मीटर हवं. शेवटी मध्ये सपाट टप्पा देऊन उतार दुमडून घेतला.

हा हिशेब मांडतानाच सरांचा डाव ध्यानात आला. ५.४ मीटर आडव्या अंतरावर तिरकी लांबी भरते ५.४२. फरक जेमतेम दोन सेंटीमीटर! सायकलींच्या उतारावर माझी चूक झाकून गेली असती. जिन्यावर ती लपेना. सर त्या दिवशी उतार ओलांडून पुढे का गेले, हे कळायला मला इतकी वर्षं लागली. त्यांना विचारायचं मात्र राहून गेलं.

तो जिना आता पाडला, असं ऐकतो. नव्या इमारतीच्या दाराशीही उतार केलाय म्हणे. समारंभाला येताना टेप खिशात ठेवतो.