तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रीस नव्हे, आधी आयर्लंड

युरोपच्या आर्थिक संकटांतून सरकारांनी काय शिकायचं, असं मला वारंवार विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ग्रीस असतो आणि उत्तरही तयार असतं: अंथरूण पाहून पाय पसरावेत. ग्रीसच्या बाबतीत त्यात तथ्य आहेच. तरी मी आधी आयर्लंडकडे बघायला सांगते.

2007 मध्ये आयरिश सरकारचं कर्ज जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या, जेमतेम 25 टक्के होतं. युरोपीय नियमांची मर्यादा 60 टक्क्यांची. कर्ज साचत होतं ते बँकांकडे. त्या परदेशातून अल्पमुदतीचा पैसा उचलून बिल्डरांना आणि घर घेणाऱ्यांना देत होत्या. भाव चढत होते तोवर मुद्रांक शुल्कानं तिजोरी भरत होती, म्हणजे सरकारचा हिशेब चोख दिसत होता तोही या फुगवट्यामुळेच.

29 सप्टेंबर 2008 च्या रात्री डब्लिनमध्ये सरकारनं सहा वित्तसंस्थांच्या ठेवींची आणि बहुतेक कर्जरोख्यांची हमी घेतली. रक्कम सुमारे 440 अब्ज युरो, देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक! बँकांना फक्त रोकडीची चणचण आहे, असं सरकार धरून चाललं होतं. प्रत्यक्षात कर्जंच बुडीत होती. बँका सावरायला अखेर 64 अब्ज लागले, त्यातले जवळपास 30 एकट्या अँग्लो आयरिश बँकेत गेले. 2010 मध्ये सरकारची तूट जीडीपीच्या 32 टक्क्यांवर पोहोचली आणि नोव्हेंबरात कर्जासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला बोलवावं लागलं.

ठेवीदारांना वाचवणं योग्यच होतं. पण व्याजासाठी जोखीम घेणाऱ्या रोखेधारकांचे पैसे करदात्यांनी का फेडायचे, याचा मला आजही संताप येतो. पगार कापले गेले शिक्षकांचे आणि नर्सेसचे. तरुण ऑस्ट्रेलिया-कॅनडाला निघून गेले. पुढे रोखेधारकांनाही तोटा सोसायला लावायचा विचार झाला, तेव्हा युरोपीय मध्यवर्ती बँकच आडवी आली.

2014 मध्ये युरोपनं कायदा केला: बँक बुडाली तर आधी भागधारक, मग रोखेधारक तोटा सोसतील. कायदा मला पटतो. मात्र 2015 च्या अखेरीस इटलीत चार छोट्या बँका कोसळल्या, तेव्हा त्यांचे दुय्यम रोखे, म्हणजे बँक बुडाली तर इतर रोख्यांच्या आधी बुडणारे रोखे, त्यांच्याच साध्या खातेदारांना विकलेले निघाले. आयुष्यभराची बचत गेली, लोक रस्त्यावर उतरले. 2017 मध्ये तिथल्याच व्हेनेतो भागातल्या दोन बँकांसाठी सरकारनं पुन्हा तिजोरी उघडली. म्हणून बँकेनं कोणाकडून उसनं घेतलंय आणि तोटा झेपण्याची त्याची ऐपत आहे का, हे सगळं सुरळीत चालू असतानाच तपासावं लागतं. असे रोखे घरगुती बचतदारांना विकायला मनाईही तेव्हाच करावी लागते.