जुन्या बंबावरचा दिवा घरच्या विजेवर

जुन्या अग्निशमन गाडीवरचा फिरता लाल दिवा आज घरच्या विजेवर सुरू केला आणि त्याच्यासमोरून उठवेना. या दिव्यातला बल्ब लुकलुकत नाही. तो अखंड जळत असतो आणि त्याच्याभोवती अंतर्गोल आरसा छोट्या मोटरवर फिरत राहतो, म्हणून लांबून पाहणाऱ्याला प्रकाश उघडझाप करतो आहे असे वाटते.

हॅलोजन बल्ब 12 व्होल्टचा आणि 55 वॅटचा असल्यामुळे तो एकटाच साडेचार अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. राउटरच्या अडॅप्टरचे हे काम नव्हे. शिवाय बल्बमधल्या थंड तारेचा रोध फार कमी असल्याने बटण दाबण्याच्या क्षणी प्रवाह कित्येक पटींनी उसळतो आणि जेमतेम क्षमतेचा पुरवठा तिथेच मान टाकतो. म्हणून 230 व्होल्टच्या एसीवरून (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहावरून) 12 व्होल्ट डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) देणारा 12.5 अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, घेतला, त्याला अर्थिंग दिले आणि धन तारेत फ्यूज बसवला. एसीच देणाऱ्या नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर बल्ब पेटला असता, पण डीसी मोटर जागीच थरथरत राहिली असती.

गिअरची घरघर सुरू झाली आणि तांबडा झोत कपाटावरून, दारावरून सरकू लागला, तेव्हा या साध्या यंत्ररचनेबद्दल मनापासून आदर वाटला. असे दिवे भंगारात जाऊ नयेत, घरात जपावेत. मात्र खासगी गाडीच्या टपावर ते कदापि लावू नयेत. बंद खोलीत दिव्याचा घुमट लवकर तापतो, त्यामुळे दिवा थोडाच वेळ चालवणार आहे.