गणपतीतल्या स्पर्धा आणि नियमांचा कागद

ठाण्यातल्या नौपाडा-पाचपाखाडीतल्या मंडळांचा गणपती म्हटला की आरतीच्या बरोबरीने आठवतात त्या मांडवातल्या स्पर्धा. चुरस रंगायची की नाही, ते बरंचसं फळ्यावर लावलेल्या नियमांच्या कागदावर ठरायचं.

चमचा-लिंबूच घ्या. ‘लिंबू पडलं की बाद’ असा नियम असला की पोरं वरातीसारखी चालायची. ‘पडलं तर तिथेच थांबून उचला, चमच्यात ठेवा आणि पुढे निघा’ म्हटलं की तीच पोरं धावत सुटायची. संगीत खुर्चीत उलटा प्रकार: ज्याला सरावाची जास्त गरज, तोच पहिल्या फेरीत बाहेर आणि मग तासभर खांबाला टेकून उभा.

रांगोळीत दरवर्षी त्याच ताई पहिल्या आल्या की नावनोंदणी रोडावते. हे मोठ्या मैदानातही घडतं. टायगर वुड्स ऐन भरात असताना तो ज्या स्पर्धेत उतरायचा, तिथे बाकीच्या गोल्फपटूंचा खेळ सरासरीने खालावायचा, असं 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. त्यावर मांडवातला उपाय साधा: ठिपक्यांची आणि मुक्तहस्त असे वेगळे गट, तीन बाय तीन फुटांची चौकट, दीड तास आणि रंग मंडळाचेच. रंग घरून आणू दिले की जिचा डबा मोठा तिची सरशी. बक्षिसं तीन, उत्तेजनार्थ दोन. सगळ्यांना सारखाच स्टीलचा डबा दिला की शेवटचा अर्धा तास गप्पांत जातो. बक्षिसांमधलं अंतर माणसाला राबवतं, हे लेझिअर आणि रोझेन या अर्थतज्ज्ञांनी 1981 मध्ये गणित मांडून दाखवलं होतं.

दहीहंडीतली सलामी याहून हुशार. हंडी कोणीही फोडो, लावलेल्या थरांप्रमाणे रक्कम मिळते, म्हणून सहा थरांचं पथकही ठाण्यात ट्रक भरून येतं. फक्त वरच्या थराला रक्कम एकदम फुगवली की तयारी नसलेली पथकंही तो लावायला जातात आणि पोरं पडतात.

सगळ्यात जास्त भांडणं वक्तृत्वाची. एक परीक्षक चाळीस ते नव्वद गुण वाटतो, दुसरा पासष्ट ते सत्तर. बेरीज केली की निकाल पहिल्याच्याच मताचा. म्हणून प्रत्येकाच्या गुणांवरून आधी क्रमांक लावायचे आणि क्रमांकांची बेरीज करायची; सर्वात कमी बेरीज तो पहिला. पहिल्या वक्त्याला परीक्षक हात राखून गुण देतात, तेव्हा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि तिसऱ्या भाषणानंतर मागचे गुण एकदा पाहू द्यावेत. चौथ्या मिनिटाला एक घंटा, पाचव्याला दोन. घंटा मात्र ज्याचं पोर स्पर्धेत नाही अशाच काकांच्या हाती द्यावी.